ठाणे जिल्हा : सरासरीने झाकलेले चित्र

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या आणि अर्थव्यवस्था या विषयावर मी आज बोलावे, असे संयोजकांनी सुचविले आहे. विषय ऐकून आता आकड्यांची जंत्री ऐकावी लागणार, अशी धास्ती तुमच्यापैकी काहींना वाटली असेल. आकडे मी देणार आहे, कारण आकड्यांवाचून या प्रश्नाचा विचार करणे म्हणजे हवेत बोलणे होय. परंतु आकडा हा साक्षीदार असतो आणि प्रत्येक साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी लागते. ठाणे जिल्ह्याच्या बाबतीत सरासरी नावाच्या साक्षीदाराने आपल्याला वर्षानुवर्षे फसविले आहे, हे मला आज तुमच्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम जिल्ह्याच्या सीमांविषयी थोडे सांगतो. या जिल्ह्याच्या सीमा मुंबईच्या सोयीने बदलत आलेल्या आहेत. १९२० साली साष्टीचा भाग काढून मुंबई उपनगर जिल्हा करण्यात आला. पुढे १९५० आणि १९५७ साली बृहन्मुंबईची हद्द टप्प्याटप्प्याने दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली. अखेर १ ऑगस्ट २०१४ रोजी जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा अस्तित्वात आला. विभाजनापूर्वी १५ तालुके आणि ९,५५८ चौरस किलोमीटर क्षेत्र असलेल्या ज्या जिल्ह्याला आपण 'ठाणे' म्हणत होतो, त्याचाच विचार मी मुख्यतः करणार आहे. सीमारेषा कागदावर बदलली तरी त्या भूभागातील माणसांचे परस्परसंबंध बदललेले नाहीत.

आता लोकसंख्या पाहू. १९७१ साली या जिल्ह्यात सुमारे २२.८ लाख माणसे राहत होती. १९८१ साली ती ३३.५ लाख झाली, १९९१ साली ५२.५ लाख, २००१ साली ८१.३ लाख आणि २०११ च्या जनगणनेत १ कोटी १० लाख ६० हजार. म्हणजे चाळीस वर्षांत जवळजवळ पाचपट. २०११ साली लोकसंख्येच्या दृष्टीने हा भारतातील सर्वांत मोठा जिल्हा होता. त्या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली, ठाण्याची ३६ टक्क्यांनी. त्यानंतर २०२१ साली व्हावयाची जनगणना त्या वर्षी झाली नाही. त्यामुळे आपल्याला आजही २०११ च्याच आकड्यांवर विसंबून राहावे लागते. नियोजनाच्या गप्पा मारणाऱ्या देशाला ही गोष्ट शोभणारी नाही.

ही वाढ झाली कशी? शेजारच्या आकड्याकडे पाहिले म्हणजे उत्तर मिळते. २००१ ते २०११ या काळात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३.४ लाखांवरून ३०.९ लाखांवर आली. मुंबई उपनगर जिल्ह्यात ती जेमतेम आठ टक्क्यांनी वाढली. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्ह्यात २९ लाखांहून अधिक माणसांची भर पडली. याचा अर्थ असा की, मुंबईने आपले कष्टकरी आणि आपला कनिष्ठ मध्यमवर्ग यांची राहण्याची जबाबदारी हद्दीबाहेर ढकलली. १९८२ च्या गिरणी संपानंतर लालबाग-परळचे अर्थकारण कोसळले. चाळींच्या जागी मनोरे उभे राहू लागले. ज्यांना मुंबईत घर परवडेना ते डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरार गाठू लागले. काम मुंबईत आणि बिऱ्हाड ठाण्यात, अशी लाखो संसारांची विभागणी झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातील पहिली प्रवासी आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, त्याचे आपण कौतुक करतो. आज त्याच मार्गावर दारात लोंबकळत जाणाऱ्या माणसांचे जीव जातात. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ धावत्या गाड्यांतून पडून प्रवासी मृत्युमुखी पडले, तेव्हा काही दिवस हळहळ झाली. पण शहराचे अर्थकारण माणसाला घरापासून पन्नास-साठ किलोमीटरवर कामाला नेते, हा मूळ मुद्दा त्या हळहळीत बुडून गेला.

येथवरची हकीकत आपल्या परिचयाची आहे. आता सरासरीकडे वळू. २०११ साली जिल्ह्यातील सुमारे ७७ टक्के लोक नागरी भागात राहत होते. महाराष्ट्राच्या २०१२ च्या मानव विकास अहवालात ठाणे जिल्ह्याला मुंबई व पुण्याच्या पंक्तीला, 'अत्युच्च' गटात बसविण्यात आले. अहवाल तयार करणाऱ्यांनी हिशेबात लबाडी केली असे माझे म्हणणे नाही. हिशेब बरोबरच होता, आणि हिशेब बरोबर असूनही चित्र खोटे कसे असू शकते, हेच समजून घेण्याची गरज आहे.

याच जिल्ह्यात, याच काळात, मोखाडा आणि जव्हार हे तालुके होते. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी भागात शंभराहून अधिक बालके कुपोषणाने दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला. मंत्र्यांचे दौरे झाले, योजना जाहीर झाल्या. तरीही त्यानंतरच्या दशकांत जव्हार-मोखाड्याचे नाव पुन्हा पुन्हा त्याच कारणाने वर्तमानपत्रांत येत राहिले. २०११ साली मोखाडा तालुक्याची लोकसंख्या एक लाखालाही पोहोचली नव्हती. एक कोटी दहा लाखांच्या जिल्ह्यात याचा अर्थ काय होतो, पाहा. जिल्ह्यातील शंभर माणसे निवडली तर त्यांत मोखाड्याच्या वाट्याला पुरता एक माणूसही येत नाही. मोखाड्यातील झाडून सारी मुले उपाशी राहिली तरी जिल्ह्याची सरासरी जागची फारशी हलणार नाही, आणि सारी मुले धष्टपुष्ट झाली तरीही हलणार नाही. ज्या मोजमापावर एका तालुक्याच्या जगण्यामरण्याचा परिणाम होत नाही, त्या मोजमापाच्या आधारे त्या तालुक्याचे भवितव्य ठरविणे हा अन्याय आहे.

मोखाडा एकटा नव्हता. २०११ साली जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे लोक १५ लाखांहून अधिक, म्हणजे सुमारे १४ टक्के होते. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, मल्हार कोळी, महादेव कोळी हे या भूमीचे जुने रहिवासी. तलासरी, मोखाडा, जव्हार, विक्रमगड येथे त्यांचीच बहुसंख्या. तरीही जिल्ह्याच्या टक्केवारीत ते 'अल्पसंख्य' दिसू लागले, कारण खाली रेल्वेच्या कडेने माणसांचा पूर आला होता. आदिवासींची संख्या वाढत असताना जिल्ह्यातील त्यांचे वजन घटत गेले, आणि वजन घटले की अर्थसंकल्पातील शब्दही हलका होतो.

इथे एक प्रश्न विचारला जाईल, आणि तो विचारलाच पाहिजे. शहर पुढे गेले आणि डोंगर मागे राहिला, यात शहराचा काय दोष? मागासलेपण हे डोंगराचे दुर्दैव आहे, शहराने त्याला थोडी मदत करावी म्हणजे झाले, असे पुष्कळ सज्जन माणसांना प्रामाणिकपणे वाटते. मला हे मान्य नाही. डोंगर मागे राहिला, कारण त्याच्याकडून सतत काही ना काही नेले गेले आणि त्याचा मोबदला त्याच्याकडे पोहोचला नाही.

प्रथम जंगल आणि गवत गेले. मुंबईच्या घोडागाड्यांना आणि गोठ्यांना लागणारे गवत डहाणू-उंबरगाव पट्ट्यातील वारल्यांनी कापावयाचे, आणि त्यांना मजुरी काय, तर सावकार-जमीनदार देईल ती. वेठ आणि लग्नगडी यांच्या जोखडाखाली माणसे पिढ्यान्‌पिढ्या राबत होती. १९४५ साली शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेच्या लाल बावट्याखाली वारली उठले, तेव्हा वेठबिगारीचा अंत आणि गवतकापणीची वाजवी मजुरी याच मागण्या अग्रभागी होत्या. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्याचे सहकारी हुतात्मे झाले. गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो इतिहास लिहून ठेवला आहे. आजच्या विषयापुरते एवढेच लक्षात घ्या की, ते बंड आडरानातील असले तरी त्या गवताची बाजारपेठ मुंबई होती. उपनगरी जिल्ह्याचे अर्थकारण तेव्हाच सुरू झाले होते.

नंतर पाणी गेले. तानसा तलाव १८९२ चा, वैतरणेवरील मोडकसागर १९५७ चा. पुढे ऊर्ध्व वैतरणा आणि भातसा झाले, आणि २०१४ साली मोखाडा तालुक्यात मध्य वैतरणा. मुंबईला रोज लागणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे एकट्या भातसातून जाते. तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. आणि त्याच शहापूर तालुक्यातील गावे-पाडे दरवर्षी मार्चनंतर टँकरची वाट पाहतात. डोक्यावर हंडे घेतलेल्या बायका ज्या वाटेने विहिरीकडे जातात, त्याच वाटेशेजारून माणूस उभा मावेल अशा जलवाहिन्या मुंबईकडे धावतात. आता शहापूरच्या गावांसाठी नाशिक जिल्ह्यातील भावली धरणातून पाणी आणण्याची योजना शासनाने मंजूर केली आहे. ती जरूर व्हावी. परंतु ज्या तालुक्याने महानगराची तहान भागविली, त्याच्यासाठी दुसऱ्या जिल्ह्याच्या दारात जावे लागावे, यातच सारे आले.

हीच गोष्ट सूर्या प्रकल्पाची. डहाणू-पालघरच्या आदिवासी शेतीला पाणी देण्यासाठी म्हणून हे धरण उभे राहिले. आज त्यातून प्रतिदिन ४०३ दशलक्ष लिटर पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदर या शहरांसाठी राखून ठेवलेले आहे. मुरबाड तालुक्यात काळू धरणाचे काम वनखात्याची परवानगी नसताना सुरू झाले. ग्रामस्थ आणि श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेल्या, आणि २०१२ साली उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. गावकरी जागे राहिले नसते तर ते पाणीही कोणाला न विचारता गेले असते.

गवत आणि पाण्यापाठोपाठ माणूस गेला. दिवाळी आटोपली, नागली-वरई घरात आली न आली, की जव्हार-मोखाड्यातील कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर घेऊन उतरू लागतात. भिवंडी, कल्याण, वसई येथील वीटभट्ट्या, रेतीचे पट्टे, इमारतींची बांधकामे ही त्यांची ठिकाणे. मालकाने पावसाळ्यात आगाऊ रक्कम दिलेली असते, ती फेडण्यात हंगाम संपतो. मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला. तरीही त्यानंतर काळुराम धोदडे यांची भूमी सेना, डहाणूची कष्टकरी संघटना, वसईतून उभी राहिलेली श्रमजीवी संघटना यांना वर्षानुवर्षे त्याच प्रश्नावर लढावे लागले, यावरून कायदा आणि वस्तुस्थिती यांतील अंतर कळते. तेव्हा मित्रहो, ठाणे शहरातील ज्या मनोऱ्यांमुळे जिल्ह्याची सरासरी उंचावते, त्यांच्या विटा कोणी भाजल्या, हे सरासरी सांगत नाही.

याचा अर्थ जिल्ह्याचा नागरी भाग सुखात लोळतो आहे, असे मात्र समजू नका. सरासरीने शहरालाही झाकले आहे. १९६२ साली वागळे इस्टेटपासून औद्योगिक वसाहतींची सुरुवात झाली. ठाणे-बेलापूर पट्टा, डोंबिवली, अंबरनाथ, तारापूर येथे कारखाने आले. संघटित कामगाराला कायम नोकरी, भविष्यनिर्वाह निधी आणि छोटे का होईना घर मिळण्याचा तो काळ होता. पुढे एकेक कारखाना बंद पडत गेला. मोहोन्याचा एनआरसी कारखाना २००९ साली बंद झाला आणि हजारो कामगार आपल्या हक्काच्या देण्यासाठी वर्षानुवर्षे ताटकळले. कारखान्यापेक्षा कारखान्याखालची जमीन अधिक मोलाची ठरली, की उत्पादन बंद करणे हाच फायद्याचा धंदा होतो. नागरी कमाल जमीनधारणा कायदा १९७६ साली झाला होता, तो महाराष्ट्राने २००७ साली रद्द केला. घरे स्वस्त होतील असे आश्वासन तेव्हा दिले गेले. ठाण्यात घर घेऊ पाहणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला वा परिचारिकेला विचारा, घरे किती स्वस्त झाली ते.

भिवंडीकडे पाहा. देशातील यंत्रमागांचा फार मोठा हिस्सा या एका गावात आहे. पूर्व उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून आलेले कारागीर बारा-बारा तास मागावर उभे राहतात, मागाशेजारीच पाळीपाळीने झोपतात. २०११ साली जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ८८६ स्त्रिया होत्या. या प्रमाणामागे अनेक कारणे असतील, परंतु घरदार गावी ठेवून एकटाच मजुरीला आलेला पुरुष हे त्यांतील एक मोठे कारण आहे. त्याच भिवंडीभोवती आज गोदामांचे साम्राज्य पसरले आहे. महानगराच्या घरोघरी जाणारा माल तिथे साठतो, आणि तो उचलणारा तरुण ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतो. डोंबिवलीच्या रासायनिक कारखान्यांत २०१६ आणि २०२४ साली स्फोट होऊन कामगारांचे बळी गेले. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचे आंदोलन उभे राहिले, ते पाणी आणि जमीन यांच्यावर बांधकाम व्यावसायिकांनी घातलेल्या घाल्याविरुद्धच होते. तेव्हा डोंगर विरुद्ध शहर, वारली विरुद्ध चाकरमानी असा हा झगडा नाही. कळव्याच्या चाळीतील बाई नळावर ज्या पाण्यासाठी पहाटे उठते ते पाणीही तिला हवेच आहे. प्रश्न असा आहे की, डोंगराचे पाणी आणि शहराचे श्रम या दोहोंतून निर्माण झालेली संपत्ती कोणाच्या हाती जमा झाली?

आता २०१४ च्या विभाजनाचा विचार करू. आदिवासींना जिल्ह्याचे ठिकाण जवळ यावे, कामासाठी दीडशे किलोमीटर प्रवास करावा लागू नये, ही मागणी न्याय्यच होती. पण विभाजनाने हिशेब कसा बदलला ते पाहा. २०११ च्या आकड्यांप्रमाणे नव्या ठाणे जिल्ह्यात ८० लाख ७० हजार आणि पालघरमध्ये २९ लाख ९० हजार लोक आले. पालघरमध्ये अनुसूचित जमातींचे प्रमाण ३७ टक्क्यांवर गेले. विधानसभेच्या २४ जागांपैकी १८ ठाण्याकडे राहिल्या, ६ पालघरकडे गेल्या. संपत्ती आणि राजकीय बळ एका बाजूला, गरजा दुसऱ्या बाजूला. दोन भावांच्या वाटणीत एकाला दुकान आणि दुसऱ्याला उधारीची वही मिळावी, तशी ही वाटणी झाली. शहापूर आणि मुरबाड हे तालुके ठाण्यातच राहिले. त्यांची मिळून लोकसंख्या सुमारे पाच लाख. ८० लाखांच्या जिल्ह्यात त्यांचा आवाज पूर्वी मोखाड्याचा होता तितकाच क्षीण.

पालघरमध्येही तीच प्रक्रिया पुन्हा सुरू झालेली दिसते. वसई-विरारची लोकसंख्या २०११ सालीच १२ लाखांवर होती, म्हणजे नव्या जिल्ह्याच्या एकूण लोकसंख्येच्या चार दशांश. एक नवी सरासरी तयार झाली आणि तिच्या सावलीत मोखाडा पुन्हा झाकला गेला. त्यातच बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा महामार्ग आणि जून २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेले ७६,२२० कोटी रुपयांचे वाढवण बंदर हे प्रकल्प याच भूमीवर येत आहेत. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला होता. तिथल्या मच्छीमारांचा बंदराला विरोध आहे. हे प्रकल्प पूर्ण झाल्यावर जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न निश्चित वाढेल. कोणाचे वाढेल, हे विचारणारे कोणी तरी लागेल. ते काम आपले आहे.

केवळ निदान करून थांबणे योग्य नव्हे, म्हणून चार गोष्टी तुमच्या विचारासाठी ठेवतो. पहिली, उत्पन्न, आरोग्य, शिक्षण यांची मोजणी तालुका आणि ग्रामपंचायत पातळीवर प्रसिद्ध झाली पाहिजे. येत्या जनगणनेची माहिती हाती येताच आपल्या कार्यकर्त्यांनी जिल्ह्याचा सारांश बाजूला ठेवून गावनिहाय तक्ते काढावेत. दुसरी, महानगराला जाणाऱ्या प्रत्येक लिटरमागे एक निश्चित अधिभार असावा आणि ती रक्कम धरणाच्या तालुक्यातील ग्रामसभांना कायद्याने मिळावी. उपकार म्हणून नव्हे, मोबदला म्हणून. आणि धरणाखालच्या व काठच्या पाड्यांचा पाणीपुरवठा झाल्यावाचून शहरासाठी नवी वाहिनी टाकली जाऊ नये. तिसरी, अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने जे अधिकार दिले आहेत, ते प्रत्यक्षात वापरावयास शिकविणे हे आपल्या संघटनेचे काम असले पाहिजे. चौथी, वीटभट्टी, बांधकाम, यंत्रमाग आणि गोदाम येथील कामगारांची एक नोंदणी हवी, जी तालुका आणि जिल्हा बदलला तरी त्याच्याबरोबर जाईल. मोखाड्याचा मजूर भिवंडीत आला म्हणजे तो कोणत्याच यादीत राहत नाही. यादीत नसलेल्या माणसाला सरासरीतही जागा नसते आणि रेशनच्या रांगेतही.

या मागण्या मान्य करून घेणे सोपे नाही, याची मला जाणीव आहे. शहरातील आपल्याच सभासदांना पाण्याच्या अधिभाराचे कारण समजावून सांगावे लागेल, आणि ते काम डोंगरातील मोर्चापेक्षा अवघड आहे. म्हणून या पावसाळ्याआधी प्रत्येक शहरी शाखेने आपल्या नळाचे पाणी कोणत्या तालुक्यातून येते ते शोधावे, आणि दोन दिवस त्या धरणाकाठच्या पाड्यांवर जाऊन राहावे. तेथे जे दिसेल त्याचा अहवाल पुढच्या बैठकीत मांडावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.